कर्नलची करंगळी

माझे पूर्ण नाव 'मडलकोटच्या सहा घंटा', आणि वय एकाहत्तर वर्षे. जात चित्रपटाची, वर्ण काळापांढरा, रुंदी सोळा मिलिमीटर. मूळ मुक्काम श्रॉपशर परगण्यातील विंडलबरी गावचे सभागृह. सध्याचा मुक्काम जुन्या चित्रपटांसाठी बांधलेले एक शीतगृह. तीन चपट्या पत्र्याच्या डब्यांत मी विभागलेला आहे. मी बोलतो याचे कोणी नवल मानू नये, कारण बोलपट म्हणूनच माझा जन्म झाला. मुक्या पूर्वजांविषयी पूर्ण आदर राखून सांगतो, की मी आजवर एकही संवाद चुकवलेला नाही. दोन ठिकाणी काही शब्द गळाले आहेत खरे, परंतु तो दोष चिकटपट्टीचा होय.

मला शाळा नव्हती. जे शिकलो ते पाहणाऱ्यांच्या चेहऱ्यांवरून शिकलो. अंधारात बसलेला माणूस आपला चेहरा मोकळा सोडतो. त्याच्यासमोर दिवा असतो आणि त्याच्याकडे कोणी पाहत नसते. अशा चेहऱ्यांचे मी आयुष्यभर वाचन केले. स्वतःच्या पोटात काय आहे, हे मात्र मला सत्तर वर्षे ठाऊक नव्हते. तीच हकीकत सांगण्यासाठी हा सारा प्रपंच.

माझा जन्म लंडनच्या एका रसायनशाळेत, मिट्ट अंधारात झाला. माझी आई म्हणजे मूळ उलटा पट, ज्याला निगेटिव्ह म्हणतात. आईच्या अंगावर जे काळे, ते माझ्या अंगावर गोरे होते. तिच्याकडे जे गोरे, ते माझ्याकडे काळे. छातीला छाती भिडवून ती माझ्यावरून सरकत गेली, मधून प्रकाशाची एक तिरीप आली, आणि तिने पाहिलेले सारे गाव माझ्यात उतरले. पुढे आमची भेट झाली नाही. एवढ्या अल्प सहवासात एवढे मोठे दान करणारी दुसरी आई मला माहीत नाही.

माझी कथा विनोदी आहे. मडलकोट नावाच्या खेड्याच्या चर्चमधील सहा घंटा उचलून नव्या शहरात नेण्याचा सरकारी हुकूम निघतो. सुगीच्या सणापर्यंत गावाने त्या सहाही घंटा क्रमवार वाजवून दाखवल्या, तर त्या गावात राहतील. घंटा वाजवणारा सहावा गडी आयत्या वेळी आजारी पडतो, तेव्हा गावातील अकडबाज निवृत्त कर्नल थोरल्या घंटेचा दोर हाती घेतो आणि गावाची लाज राखतो. अधिकाऱ्याची टोपी गुरांच्या डोणीत पडते. शेवटी सर्वजण मद्य पितात.

मडलकोट नावाचे गाव कोठेही नाही. चित्रण झाले ते विंडलबरीत, एकोणीसशे त्रेपन्नच्या उन्हाळ्यात. त्या बदल्यात चित्रपटवाल्यांनी चर्चच्या घंटाघरातील, घंटा टांगण्याची किडलेली लाकडी चौकट नवी करून देण्याचे कबूल केले होते. गावाला याचे अतोनात अप्रूप. नवी चौकट मिळाली नसती, तर विंडलबरीच्या खऱ्या घंटा खरोखरच मुक्या झाल्या असत्या.

चित्रात गाव कसे दिसावे, याविषयी दिग्दर्शकाचे विचार ठाम होते. मेंढ्या पुरेशा पांढऱ्या नव्हत्या, म्हणून त्यांना खडूची भुकटी चोळण्यात आली. कथेत भटक्या जमातीचे एक कुटुंब आहे. लॉक नावाचे खरे भटके कुटुंब त्याच वेळी ओढ्याकाठी तळ देऊन होते, परंतु कॅमेऱ्यापुढे आले ते लंडनचे तीन नट, तोंडाला तपकिरी रंग फासून. खऱ्या लॉकला नटांचे घोडे धरून उभे करण्यात आले. माझ्या पहिल्या डब्यात, चौकटीच्या अगदी डाव्या कडेला, त्याची पाठ दिसते. शेतावर काम करणाऱ्या एका इटालियन मजुराला एक वाक्य मिळाले होते. ओठ त्याचे राहिले, आवाज मागाहून दुसऱ्याचा घातला. हे सारे माझ्या कडाकोपऱ्यांत आहे. पाहणारे मधोमध पाहतात.

चोपन्न साली, सुगीच्या जेवणाच्या संध्याकाळी, मी प्रथम विंडलबरीच्या सभागृहात लागलो. चित्रपटवाल्यांनी माझी ही प्रत गावाला भेट म्हणून दिली होती. तो क्षण मी विसरू शकत नाही. माझ्या पाठीमागे दिवा पेटला, प्रकाश माझ्यातून आरपार गेला, आणि समोरच्या चुनेगच्ची भिंतीवर झाडे हलू लागली, माणसे चालू लागली. मी इतका विशाल आहे, हे मला ठाऊकच नव्हते. डुकराच्या खारवलेल्या मांसाच्या थाळ्या गुडघ्यांवर तशाच राहिल्या. कांद्याच्या लोणच्याचा वास आणि दोनशे माणसांचा रोखलेला श्वास. मनुष्यप्राण्याइतक्या गंभीरपणे दुसरा कोणीही हसण्याची वाट पाहत नाही.

ते सर्वांत जास्त हसले ते दुसऱ्या डब्यातील एका दृश्याला. घंटाघराचा प्रवेश आहे. धाकट्या घंटेचा दोर धरून वाजवणाऱ्यांचा प्रमुख हाळी देतो, "सांभाळा! धाकटी निघाली... निघाली ती!" पाच जण क्रमाने दोर ओढतात, आणि मग पडदाभर कर्नलचे दोन हात दिसतात. हातांत पिवळसर कातडी हातमोजे. दोर सर्रकन खाली येतो, पुन्हा वर जातो, आणि दर वेळी डाव्या हातमोज्याची करंगळी रिकाम्या पिशवीसारखी लडबडून उभी राहते. बाकीची बोटे शिस्तीत, ही एकटी बेशिस्त. लागलीच कर्नलचा घामाघूम चेहरा येतो. कर्नलचे काम करणारे नट मिस्टर फेअरलॉ त्या काळी फार प्रसिद्ध होते. त्यांनी एका दुपारात घंटा वाजवण्याची विद्या आत्मसात केली, असे वर्तमानपत्रांत छापून आले होते. त्या करंगळीतला विनोद त्यांचाच, असे सर्वांनी धरले. मीही धरले, आणि मला त्यांचा अभिमान वाटला.

पुढे दरवर्षी सुगीच्या जेवणानंतर मला लावण्याचा प्रघात पडला. करंगळी गावात मुरली. गुत्त्यात शिरणारा माणूस करंगळी हलवून राम राम करू लागला. जत्रेत बायका रिकाम्या करंगळीचे लोकरी हातमोजे विणून विकू लागल्या.

आता थिओफिलस ग्लॅडन यांची ओळख करून देणे प्राप्त आहे. युद्ध चालू असताना मध्य अमेरिकेतील ब्रिटिश होंडुरासच्या जंगलातून काही लाकूडतोडे स्कॉटलंडमध्ये झाडे पाडण्यासाठी आणवले गेले. त्यांपैकी हा एक. वर्णाने काळा, उंचीने दाराच्या चौकटीएवढा, बोलणे हळू. युद्ध संपल्यावर बाकीचे पांगले, हा दक्षिणेकडे सरकत विंडलबरीच्या लाकडाच्या वखारीत कामाला लागला. दुधाच्या गोठ्यावरच्या एनिडशी त्याने लग्न केले. एनिडच्या आईने सहा महिने अबोला धरला, आणि मग एके दिवशी जावयाला चहात साखर किती, असे विचारून तो सोडला. वखारीतल्या करवतीने थिओची डाव्या हाताची करंगळी मुळापासून नेली होती. दर रविवारी चर्चमध्ये थोरली घंटा तोच वाजवीत असे. तिच्या वजनाला पुरे पडेल असा गावात दुसरा कोणी नव्हता.

येथे वाचक म्हणेल, मग तो हात कोणाचा, हे गावाला कळले कसे नाही? ज्यांना कळायचे त्यांना कळले असावे. परंतु विंडलबरीत कळणे आणि बोलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोणत्याही बाबीचा गवगवा न करणे हा येथील खरा धर्म आहे. चर्चमध्ये जातात तो रविवारचा. एखाद्याच्या घराला आग लागली, तरी शेजारी आधी हवापाण्याविषयी दोन शब्द बोलून घेईल. एवढे मोठे मौन एवढ्या लहान गावात मावते कसे, याचा मला आजही अचंबा वाटतो.

सत्तावन्न सालच्या सुगीच्या जेवणाला थिओ, एनिड आणि त्यांची नऊ वर्षांची मुलगी हेस्टर मधल्या बाकावर बसली होती. चित्र पाहण्याची हेस्टरची पहिलीच खेप. त्याआधी तिला आजीकडे निजवून येत. कर्नलचे हात पडद्यावर आले, करंगळी लडबडली, सभागृहात हशा उसळला, आणि हेस्टर बाकावर उभी राहिली.

"ते माझे बाबा आहेत," ती म्हणाली.

ती ओरडली नाही. खिडकीबाहेर ओळखीचा माणूस दिसावा आणि घरात सांगावे, इतक्या साधेपणाने म्हणाली. हशा दुप्पट झाला. चहाच्या भांड्यापाशी शाळेच्या व्हिटलबाई उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "हेस्टर, कर्नलसाहेब तुझे बाबा कधीपासून झाले? आईला तरी सांगितलंस का?" पुन्हा हशा. मुलीचा चेहरा माझ्या उजेडात होता. ती कोणाकडेही पाहत नव्हती. केवळ वडिलांकडे पाहत होती.

थिओने डावा हात कोटाच्या खिशात घातला. मग म्हणाला, "खाली बस, पोरी. ते हात माझे नव्हेत."

ती बसली. व्हिटलबाईंनी दुसऱ्या दिवशी तिला शाळेत सर्वांसमोर, खोटे बोलल्याबद्दल, माफी मागायला लावली, असे नंतर समजले. त्या रात्री उरलेला चित्रपट मी नेहमीप्रमाणे पार पाडला. परंतु मधल्या बाकावर तीन चेहरे असे होते, की ज्यांत मला काहीच वाचता येईना.

पुढल्या फेब्रुवारीत रानात एक ओक वृक्ष भलत्या दिशेने कोसळला आणि थिओ त्याखाली गेला. अंत्यविधीला घंटांच्या लोळ्यांना एका अंगाने कातडे बांधले होते, म्हणजे एक ठोका मोकळा पडतो आणि पुढचा दूरच्या डोंगरापलीकडून आल्यासारखा उमटतो. पाच घंटा वाजल्या. सहावीच्या जागी प्रत्येक फेरीत एका ठोक्याएवढी पोकळी ठेवली होती. ती मी कपाटातून ऐकली. रिकाम्या जागेचा एवढा मोठा आवाज मी त्यापूर्वी ऐकला नव्हता.

एनिड मुलीला घेऊन वुल्व्हरहॅम्प्टनला बहिणीकडे निघून गेली. त्या दोघी पुढे कित्येक वर्षे विंडलबरीस आल्या नाहीत.

यानंतरचा काळ माझ्या वनवासाचा. घरोघरी दूरचित्रवाणी आली, यंत्राचा दिवा गेला आणि तो कोणी बदलला नाही. मी कपाटात, बॅडमिंटनची जाळी आणि पताकांचे गाठोडे यांच्यामध्ये पडून राहिलो. अंगाला शिर्क्याचा आंबूस वास येऊ लागला. आमच्या जातीत हा क्षयाचा आरंभ समजतात. मी आक्रसलो, वाकलो. गावात मला पाहिलेली माणसे एकेक करून संपली. करंगळी मात्र जिवंत राहिली. जत्रेत मुले ते हातमोजे घालून नाचत. ते कशाचे, हे विचारल्यास "कर्नलची करंगळी" एवढेच त्यांना सांगता येई.

दोन वर्षांपूर्वी घंटाघराची प्रमुख टॅम्सिन ब्रीझ पताका शोधताना माझ्यापाशी पोहोचली. ही पस्तिशीची बाई दिवसा गुरांची डॉक्टर आहे आणि दर मंगळवारी संध्याकाळी तिच्या हाताखाली पाच जण घंटांचा सराव करतात. तिने शहरातून एका जाणकाराला बोलावले. त्याने मला हुंगले, उजेडात धरले आणि सांगितले, की हा गडी यंत्रातून फार तर आणखी एकदा जाईल. त्यानंतर त्याची नक्कल करून त्याला थंडीत ठेवावे. तेव्हा ठरले, की सुगीच्या जेवणाला माझा अखेरचा खेळ करायचा. बातमी परगण्यात पसरली.

खेळाच्या दिवशी दुपारी टॅम्सिन मला टेबलावर उलगडून साफ करीत असताना दारात एक उंच, पांढऱ्या केसांची वृद्धा येऊन उभी राहिली. आयुष्यभर परिचारिकेचे काम केल्यामुळे असेल, आत येण्यापूर्वी तिने हात धुण्याची जागा विचारली. मग आपले नाव सांगितले. हेस्टर ग्लॅडन.

टॅम्सिनने तिच्यापुढे चहा ठेवला. हवेविषयी दोन वाक्ये झाली. मग हेस्टरने बाकावर उभे राहिल्याची ती संध्याकाळ, माझ्याकडे पाहत, टॅम्सिनला सांगितली.

"मला एकच गोष्ट पाहायची आहे," ती म्हणाली. "मी तेव्हा खोटं बोलले की नाही. बाबा कधी खोटं बोलत नसत. म्हणजे मीच बोलले असणार. सगळं आयुष्य मी असंच धरून चालले. पण आता वय झालं, आणि ती करंगळी काही डोळ्यांपुढून जात नाही."

टॅम्सिन दुसऱ्याच गोष्टीवर अडकली होती. तिने मला अद्याप पाहिलेले नव्हते. "हातमोजे?" ती म्हणाली. "घंटेच्या दोरावर? अहो, आमच्यात बर्फ पडला तरी कोणी हातमोजा घालत नाही. दोर हाताला कळावा लागतो. कातड्यावरून तो सटकला, की माणूस छताला. हा मूर्खपणा सिनेमावाल्यांनाच सुचणार."

"सगळे त्यालाच हसायचे," हेस्टर म्हणाली.

संध्याकाळी सभागृह भरले. मुलांच्या हातांत लोकरी हातमोजे होते. करंगळीच्या जागेची सर्वजण वाट पाहत होते. पहिल्या रांगेच्या टोकाला पर्सी ट्रँटर यांना आणून बसवले होते. वय नव्वद. त्रेपन्न साली पाचवी घंटा वाजवणारा विशीतला पोरगा तो हाच, आणि तेव्हाच्या सहा घंटा वाजवणाऱ्यांतला आता एकटा उरलेला. घंटांनी कान नेलेले, म्हणून बोलणे नेहमी चढ्या आवाजात. हेस्टर मधल्या बाकावर, पूर्वी बसली होती तेथेच, जाऊन बसली.

दिवा पेटला. माझ्यातून प्रकाश गेला. इतक्या वर्षांनंतर भिंतीवर झाडे हलली, आणि मला पहिल्या वेळेइतकेच नवल वाटले. पहिला डबा सुखरूप पार पडला. दुसऱ्यात माझ्या कडेची भोके फाटू लागल्याचे मला जाणवत होते. आयुष्यात प्रथमच मला भय वाटले. मरणाचे नव्हे, त्या दृश्यापूर्वी मरण्याचे. बाई सहासष्ट वर्षे चालत त्या एका दृश्यापाशी आली होती.

"सांभाळा! धाकटी निघाली... निघाली ती!"

हात पडद्यावर आले. करंगळी लडबडली. मुलांनी हातमोजे उंचावले, हशा झाला. हेस्टर पुढे वाकून म्हणाली, "थांबवता येईल का जरा?" टॅम्सिन यंत्रापाशी होती. "थांबवलं तर दिव्याने जळेल तो," ती म्हणाली. आणि तेवढ्यात दृश्य गेलेच. कर्नलचा घामाघूम चेहरा आला. एवढ्यासाठी आयुष्यभर वाट पाहावी, आणि ते एवढेच असावे!

तेव्हा पहिल्या रांगेतून पर्सी बोलले. स्वतःशीच बोलले असतील. परंतु त्यांचे स्वतःशी बोलणे अख्ख्या सभागृहाला ऐकू जाते.

"थिओ," ते म्हणाले. "थिओचा हात तो."

हशा विरला. भिंतीवर कर्नल बोलत राहिले आणि कोणीही त्यांच्याकडे पाहिले नाही. मी बोलत असताना कोणी ऐकत नाही, असा प्रसंग माझ्यावर प्रथमच आला, आणि मला त्याचे जराही वाईट वाटले नाही.

टॅम्सिन पर्सींपाशी जाऊन गुडघ्यांवर बसली आणि त्यांच्या कानाशी म्हणाली, "पर्सीआजोबा, थिओ कोण? त्यांची मुलगी आली आहे. मागे बसली आहे." पर्सींनी मान वळवून पाहिले. बराच वेळ पाहिले. मग, काठीवर दोन्ही हात ठेवून, त्यांनी जे सांगितले ते असे.

मिस्टर फेअरलॉ यांनी सकाळी दोर हाती घेतला आणि पहिल्याच ठोक्याला त्यांचे दोन्ही तळवे सोलून निघाले. दिग्दर्शक म्हणाला, चेहरा यांचा घेऊ, हात दुसऱ्याचे. थोरली पेलणारे हात गावात एकाच माणसाचे होते. थिओ दोरापाशी उभा राहिला. दिग्दर्शकाने त्याच्याकडे पाहिले आणि हातमोजे मागवले.

"थिओ म्हणाला, साहेब, हातमोजे घालून घंटा वाजवता येत नाही," पर्सी म्हणाले. "तर साहेब म्हणाला, कॅमेऱ्याला चालतं. म्हणाला, इंग्लिश खेड्यात असा माणूस लोकांना खरा वाटणार नाही. मी म्हटलं, अहो, तो दर रविवारी इथंच उभा असतो. तर म्हणे, असेल, पण खरा वाटत नाही."



पुढे असे झाले, की चौकट नवी करून देण्याच्या बोलीत आणखी एक कलम शिरले: ते हात फेअरलॉसाहेबांचेच, असे सर्वांनी म्हणावे. सहाही जणांनी थोरल्या दोराला हात लावून शब्द दिला. घंटाघरातली गोष्ट घंटाघराच्या जिन्याखाली उतरत नाही, ही त्यांची रीत होती. सर्वांत आधी हात लावला थिओने. घंटा मुक्या होता कामा नयेत, असे तोच म्हणाला. मग त्याने ते मोजे चढवले. पाचही जणांनी श्वास रोखला, कारण दोर सुटला असता, तर माणूस तरी गेला असता नाहीतर घंटा तरी.

"एक ठोका चुकला नाही," पर्सी म्हणाले. "एक नाही. तसं मी पुढे कधी पाहिलं नाही."

मग ते हेस्टरकडे वळले. "पोरी, तुला खोटं पाडून तो घरी गेलाच नाही त्या दिवशी. घंटाघरात येऊन बसला. मी विचारलं, तर म्हणाला, पर्सी, दोर सोडता येतो रे, शब्द सोडता येत नाही. तो शब्द सहा जणांतला होता. पाच गेले. आता मी एकटा, आणि एकट्यात कसला शब्द?"

हेस्टर उभी राहिली होती. ती अगदी हळू म्हणाली, "म्हणजे खोटं मी नाही बोलले. बाबा बोलले."

"हो," पर्सी म्हणाले. "माझ्या माहितीत तेवढं एकदाच."

ती हसली. चेहरे वाचूनच शिकलेल्या मला त्या हास्यात काय काय होते ते सांगता येणार नाही. नऊ वर्षांची मुलगी आणि पंचाहत्तर वर्षांची बाई एकाच चेहऱ्यावर, एकाच वेळी खाली बसल्या.

मुलांनी आपापले हातमोजे मांडीखाली लपवले होते. हेस्टरच्या ते ध्यानात आले. "लपवता कशाला?" ती म्हणाली. "बाबांना लोक हसलेले फार आवडायचे. हसा की. फक्त कोणाला हसताय, ते माहीत असू द्या."

कोणी हसले नाही. तिसरा डबा चढवला गेला आणि मी शेवटाकडे निघालो. शेवटच्या प्रसंगात मडलकोटच्या सहाही घंटा वाजतात. तो नाद लंडनमध्ये बनवलेला नव्हे. तो विंडलबरीच्या घंटाघरात, त्या सहा जणांकडून, त्या दिवशी ध्वनिमुद्रित केलेला होता. धाकटीपासून सुरुवात होऊन प्रत्येक फेरीच्या अंती थोरली पडते, खोल, सावकाश, घराचे दार लावून घ्यावे तशी. मी हा नाद दर खेळाला वाजवला होता. त्या संध्याकाळी मी तो प्रथम ऐकला. प्रत्येक फेरीच्या शेवटी थिओफिलस ग्लॅडन सभागृहात येत होते, आणि सभागृह त्यांच्यासाठी उठून उभे राहिले. कोणी तसे सुचवले नाही. विंडलबरीच्या मानाने तो भयंकर गवगवा होता.

आणि तेथे, अखेरच्या काही फुटांवर, मला माझ्या आईची आठवण झाली. तिच्याकडे सारे उलटे होते. माझ्या अंगावर जे फिकट मोजे दिसतात, ते तिच्या अंगावर काळे होते. लपवण्यासाठी चढवलेले ते कातडे तिने उतरवून ठेवले होते. तिच्या पोटात ते हात आरंभापासून काळेच होते, आणि तिने कोणालाही शब्द दिलेला नव्हता. या विचाराने मी इतका भारावलो, की डब्यात गुंडाळला गेलो तरी मला कळले नाही.

आता मी शीतगृहात आहे. येथे थंडी आहे, अंधार आहे, आणि शेजारी सभ्य आहेत. माझी नक्कल झाली असून तिला शिर्क्याचा वास येत नाही. मला यंत्रावर चढवण्याचा योग आता नाही, आणि त्याविषयी माझी तक्रारही नाही. वाचकांना एकच विनंती. जुने चित्र पाहण्याचा प्रसंग आला, तर मधोमध पाहून झाल्यावर थोडे कडेला पाहावे. तेथे कोणीतरी घोडा धरून उभा असतो.

गेल्या महिन्यात टॅम्सिन मला पाहायला येथे आली होती. तिने डब्यावर हात ठेवून सांगितले ते लिहून थांबतो. पर्सी ट्रँटर हिवाळ्यात गेले. हेस्टर दरवर्षी सुगीच्या जेवणाला येते आणि मधल्या बाकावर बसते. नक्कल सुरू करण्यापूर्वी टॅम्सिन सहा घंटांची नावे आणि त्या वाजवणाऱ्यांची नावे मोठ्याने म्हणते, आणि थोरल्या घंटेपाशी थिओफिलस ग्लॅडन हे नाव घेतले जाते. जत्रेतले हातमोजे अजून विकतात. त्यांना आता कर्नलची करंगळी म्हणत नाहीत, थिओची म्हणतात.